ऊन, वारा, पाऊस आणि काठाची टोपी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत आमच्याबरोबर पहिल्यांदा येणारी मंडळी बुटांची चौकशी आठवडाभर करतात. टोपी मात्र निघायच्या आदल्या रात्री कपाटात हाताला लागेल ती उचलतात. मग कळसूबाईच्या शिड्यांपर्यंत पोचेतो कान लाल झालेले असतात आणि पुढचे दोन दिवस मान वळवता येत नाही. गेली अनेक वर्षं ट्रेकच्या आधी आणि नंतर लोकांनी विचारलेले प्रश्न खाली एकत्र केले आहेत. उत्तरं प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या डोंगर-रानाच्या अनुभवावर आहेत. शेतावर, पक्षी बघायला, मासे पकडायला किंवा जंगल सफारीला जाणाऱ्यांनाही ती लागू पडतील.

एकच टोपी घ्यायची आहे, बारा महिने चालेल अशी. काय घेऊ?

चारी बाजूंनी किमान साडेसात सेंटिमीटर काठ, घट्ट विणीचं नायलॉन किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड, काठावर गोल गोल शिलाईच्या रांगा, आत शिवलेली घामपट्टी आणि हनुवटीखाली ओढता येणारी दोरी. रंग खाकी, राखाडी किंवा मातकट, पण काठाची खालची बाजू गडद. दुकानात या गोष्टी तपासून घेतलीत तर बाकी ब्रँड कोणताही असो.

मात्र अशी टोपी आठ महिने उत्तम काम करते आणि उरलेले चार महिने जेमतेम. आपल्याकडचा जुलै-ऑगस्टचा पाऊस कुठलीच टोपी पूर्णपणे थोपवू शकत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

माझ्याकडे क्रिकेटची कॅप आहे. ती का चालणार नाही?

कॅपची सावली कपाळ आणि नाकापुरती. कान, गालांच्या कडा आणि मान उघडी राहते. चढताना आपण खाली पायांकडे बघत असतो, म्हणजे मानेची मागची बाजू थेट आकाशाकडे असते. सलग चार तास चढून आलेल्या माणसाची मान आणि कानांच्या पाळ्या बघा, कपाळापेक्षा तिथेच जास्त भाजलेलं असतं. पाच दिवसांच्या कसोटीत दिवसभर उन्हात उभे राहणारे पंच बहुतेकदा रुंद काठाची टोपी घालतात, ते काही शोभेसाठी नाही.

कॅप हवीच असेल तर मागे मान झाकणारं फडकं जोडलेली घ्या. हा चांगला पर्याय आहे, विशेषतः पाठीवर मोठी सॅक असेल तेव्हा.

काठ नेमका किती रुंद? मोठा तितका चांगला ना?

थोडं गणित करू. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल तर आडव्या काठाची सावली काठाच्या रुंदीइतकीच खाली पडते. ७ सेंटिमीटरचा काठ ७ सेंटिमीटर चेहरा झाकतो, म्हणजे साधारण नाकाच्या शेंड्यापर्यंत. सूर्य ६० अंशांवर गेला की त्याच काठाची सावली १२ सेंटिमीटर होते आणि जवळजवळ सगळा चेहरा झाकला जातो. सूर्य ३० अंशांवर असताना मात्र जेमतेम ४ सेंटिमीटर. ५ सेंटिमीटर काठाची टोपी ६० अंशांनाही साडेआठ सेंटिमीटरच सावली देते, म्हणून फॅशनच्या दुकानातल्या अरुंद बकेट हॅट दिसायला गोल असल्या तरी कमी पडतात.

आता हे आपल्या ऋतूंना लावून बघा. मेच्या मध्याला मुंबई-पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. तेव्हा कुठलीही काठाची टोपी चेहरा सांभाळते. डिसेंबरात मात्र पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य ४८ अंशांच्या आसपासच असतो आणि सकाळ-संध्याकाळ तर फारच खाली. हिवाळी ट्रेकहून लोक गालांवर काळवंडून येतात त्यामागे हे तिरपं ऊन असतं. डोक्यावर टोपी आहे म्हणून निर्धास्त राहतात आणि सनस्क्रीन लावत नाहीत.

ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण फार आहे. तिथली कर्करोग परिषद मोठ्या माणसांना किमान साडेसात सेंटिमीटर काठ सुचवते आणि मला तो आकडा आपल्याकडेही योग्य वाटतो. दहा सेंटिमीटरच्या पुढे गेलात की काठ वाऱ्यात पंख्यासारखा फडफडतो, झुडपात अडकतो आणि चढताना वरची पायरी दिसू देत नाही. शेतात किंवा होडीत बसून काम असेल तर रुंद काठ घ्या, कातळावर नको.

लेबलवर यूपीएफ ५० लिहिलेलं असतं. ते काय?

कापडातून सूर्याचे अतिनील किरण किती आत येतात त्याचं ते माप. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासातला एक भाग, २ टक्के. हे मोजायची पद्धत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने १९९६ मध्ये मानक म्हणून आखून दिली, पुढे ती जगभर पसरली.

लेबल नसेल तर टोपी उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर वीण विरळ आहे. जुनी, धुवून धुवून पातळ झालेली सुती टोपी या परीक्षेत हमखास नापास होते. गवताच्या किंवा ताडाच्या पात्यांच्या टोप्यांचंही तसंच. गोव्याच्या किनाऱ्यावर त्या छान वाटतात, हवाही खेळते, पण फटींतून ऊन थेट टाळूवर येतं.

एक लक्षात ठेवा, हा आकडा कापडाचा आहे. वाळूवरून, पाण्यावरून, पांढऱ्या कातळावरून उलटून येणारं ऊन काठाखालून चेहऱ्यावर येतंच. कोरडी वाळू साधारण १५ टक्के अतिनील किरण परत फेकते आणि समुद्राचा फेस २५ टक्क्यांपर्यंत.

ढगाळ दिवशी टोपी लागते का?

लागते. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात. ऊन जाणवत नाही म्हणून सप्टेंबरात कास पठारावर फुलं बघत तासन् तास उघड्या डोक्याने फिरणारे लोक संध्याकाळी चेहरा चुरचुरतो म्हणतात, त्याचं कारण हेच.

कोणतं कापड सगळ्यात टिकाऊ?

टिकाऊपणा आणि आपल्या हवेला मानवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही जमतील असं कापड शोधायचं.

जाड सुती कॅनव्हास वर्षानुवर्षं टिकतो. काटेरी करवंदीतून गेलात तरी फाटत नाही, घाम पितो, अंगाला मऊ पडतो. पण ओला झाला की जड होतो आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. ऑक्टोबर ते मे हा त्याचा काळ.

नायलॉन हलकं, घडी करून खिशात मावतं, दोन-तीन तासांत वाळतं. बारीक चौकडी दिसणारं रिपस्टॉप घेतलंत तर एखादा काटा घुसला तरी फाट पुढे पळत नाही. वरच्या भागात जाळी नसेल तर डोकं शिजतं, म्हणून दोन्ही बाजूंना जाळी किंवा पितळी छिद्रं आहेत ना, ते बघून घ्या. सलग वर्षभर ऊन खाल्लं की नायलॉन विटतं आणि कमकुवत होतं. माझ्या एका टोपीचा शेंडा चौथ्या उन्हाळ्यात कागदासारखा टरकला, काठ मात्र शाबूत होता.

मेण लावलेलं सुती कापड दिसायला देखणं आणि रिमझिम पावसात खरंच चांगलं. थंड देशांत त्याला तोड नाही. नागपूरच्या उन्हात मेण मऊ पडतं, हात चिकट होतात, हवा अजिबात खेळत नाही. थंडीतल्या पहाटे भिगवणला पाणथळीवर पक्षी बघायला जाणाऱ्यांनी घ्यावी, इतरांनी राहू द्यावी.

चामड्याची टोपी घेण्याआधी पावसाळा आठवा. कोकणात चपलांना आणि कमरेच्या पट्ट्यांना आठ दिवसांत हिरवी-पांढरी बुरशी चढते, टोपीलाही चढणारच.

फेल्ट म्हणजे लोकर किंवा सशाची लव दाबून केलेलं जाड कापड. पाणी त्यावरून ओघळतं, आकार टिकतो, ओलं झालं तरी ऊब राहते. आपल्या धनगरांच्या घोंगडीतही तोच गुण आहे. लोकरीच्या धाग्याला तेलाचा अंश असतो आणि ती भिजली तरी अंग गार पडू देत नाही. थंड डोंगरात फेल्ट उत्तम, पण मुंबईच्या दमट हवेत अर्धा तासही डोक्यावर ठेववत नाही.

टोपी पाण्यात बुडवून घातली तर गार वाटतं का?

कुठे आहात त्यावर आहे. विदर्भात कूलर चालतो आणि कोकणात चालत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. ओल्या टोपीचं तंत्रही तेच आहे. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. ताडोब्याच्या सफारीला एप्रिल-मेमध्ये जात असाल, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असेल, तर सुती टोपी दर अर्ध्या तासाने भिजवा. फरक लगेच कळतो. इथे नायलॉन उपयोगाचं नाही, ते पाणी धरूनच ठेवत नाही. अलिबाग किंवा मालवणला मात्र ओली टोपी नुसतीच ओली राहते, डोक्याला खाज सुटते.

आणि हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं: टोपी उष्माघात टाळत नाही, ती फक्त मदत करते. घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं, तर त्या माणसाला ताबडतोब सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टर गाठा.

पावसाळी ट्रेकसाठी वॉटरप्रूफ टोपी कोणती घ्यावी?

सगळ्यात जास्त पैसे याच प्रश्नावर वाया जातात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा पावसात पाणी वरून येतं तसंच आडवंही येतं. मानेवरून, कानांमागून, काठाखालून शिरतं. कापड कितीही चांगलं असलं तरी डोकं भिजणारच, शिवाय आत घाम असतोच.

तेव्हा पावसाळ्यात टोपीकडून केस कोरडे ठेवायची अपेक्षा सोडा. तिचं काम एकच, डोळ्यांत आणि चष्म्यावर पाणी येऊ न देणं. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर उतरताना पुढची पायरी स्पष्ट दिसणं हे जिवाशी गाठ असलेलं काम आहे. चष्मा लावणाऱ्यांना हे पटवून द्यावं लागत नाही.

मग उपाय असा. रेनकोटची टोपडी नुसती घातली तर ती मान वळवली की जागेवरच राहते आणि डोळ्यांसमोर येते. आत पुढे कडक काठ असलेली टोपी घाला आणि वरून टोपडी ओढून दोरी आवळा. आता टोपडी डोक्याबरोबर वळते आणि काठ चष्म्याला आडोसा देतो. यासाठी टोपीचा मागचा-बाजूचा काठ मऊ हवा, नाहीतर टोपडीत मावत नाही. कॅपही या एका कामाला गोल टोपीपेक्षा सरस ठरते. माझ्या सॅकमध्ये जून ते सप्टेंबर गोल टोपीबरोबर एक पातळ कॅप असतेच.

कापडावर पाणी मण्यांसारखं गोळा होऊन ओघळतं ते त्यावरच्या लेपामुळे. हा लेप साबणाने, मळाने, घासण्याने उतरतो. थेंब पसरून कापड गडद दिसायला लागलं की लेप संपला समजा. लेबलवर परवानगी असेल तर कोमट इस्त्री वर फडकं ठेवून फिरवली की तो थोडा जागा होतो. नाहीतर फवारा मारून नवा लावता येतो.

पूर्वीच्या लोकांकडे काय होतं?

कोकणात आणि मावळात भातलावणीला इरलं होतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि वर पानांचे थर. ते डोक्यावरून थेट पाठीवर उतरतं, कारण लावणी करणारा माणूस दिवसभर वाकलेला असतो आणि त्याची पाठ म्हणजेच त्याचं छप्पर असतं. दोन्ही हात मोकळे. पाणी मानेत शिरत नाही, खालून हवा खेळते, घाम कोंडत नाही. आजच्या कुठल्याही महागड्या पावसाळी टोपीत या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. अजून काही गावांत इरली दिसतात, बरीचशी आता प्लास्टिकचा कागद लावलेली. विणणारे हात कमी झाले आहेत याचं मनापासून वाईट वाटतं.

टोपी निवडताना इरल्याकडून एक शिकता येतं: आपण काम कुठल्या अवस्थेत करतो ते आधी बघावं. वाकून खुरपणी करणाऱ्याला मागचा काठ रुंद हवा, होडी वल्हवणाऱ्याला पुढचा.

वाऱ्यात टोपी उडते. दोरी असूनही.

दोरी असून उडत असेल तर ती आवळलेली नसते किंवा तिचं प्लास्टिकचं बटण ढिलं झालेलं असतं. दुकानातच बटण दाबून, ओढून बघा. स्प्रिंग कडक हवी. दोरी दोन बाजूंना दोन ठिकाणी जोडलेली असेल, म्हणजे कानाच्या पुढे आणि मागे, तर टोपी मागे उलटत नाही.

दोरी गळ्यात घट्ट आवळून दाट झाडीतून जाऊ नका. फांदीत टोपी अडकली तर फास बसतो. ओढ बसताच सुटणारी दोरी मिळाली तर तीच घ्या. होडीत किंवा उघड्या जिप्सीत वेगळी युक्ती: टोपीच्या मागून एक छोटी दोरी काढून तिचा चिमटा शर्टाच्या कॉलरला लावायचा.

आता खरं सांगायचं ते. सह्याद्रीच्या पश्चिम कड्यांवर वारा खालून वर येतो. नाणेघाटात पावसाळ्यात धबधबा उलटा वर उडताना दिसतो तो याच वाऱ्याने. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरही तसंच. डोक्यावरची टोपी तिथे काठाखालून उचलली जाते, आणि माणूस विचार करायच्या आत तिच्यामागे हात पुढे करतो, पाऊल टाकतो. आमच्या गटातल्या एकाने असं केलं होतं. कड्यापासून चार-पाच हात आत होता. टोपी उडाली, त्याने दोन पावलं कड्याकडे टाकली आणि मागच्याने त्याची सॅक धरली. त्या दिवशी परत येताना कोणी फारसं बोललं नाही. त्यानंतर आमचा नियम झाला: कड्याजवळ जायच्या आधी दोरी आवळायची किंवा टोपी काढून सॅकमध्ये टाकायची. आणि उडालीच तर जाऊ द्यायची. हे मुलांना घरून निघतानाच सांगा, कड्यावर नाही.

माप कसं घ्यायचं?

शिंप्याची टेप भुवयांच्या वर, कानांच्या किंचित वरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. जो आकडा सेंटिमीटरमध्ये येईल ते तुमचं माप. ५७-५८ बहुतेक कंपन्यांत मध्यम, ५९-६० मोठं. अमेरिकन मापात परीघ इंचात घेऊन ३.१४ ने भागतात, म्हणून ५८ सेंटिमीटरचं डोकं तिथे सव्वासात होतं. दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं घ्या: उन्हात चालताना घट्ट टोपीने डोकं ठणकतं, शिवाय थंडीत आत पातळ लोकरी टोपी घालता येते.

अंबाडा किंवा उंच वेणी असेल तर मागे फट असलेल्या टोप्या मिळतात. खालच्या वेणीला कुठलीही चालते.

दुकानात टिकाऊपणा कसा ओळखायचा?

टोपी बहुधा कापडाने मरत नाही, शिवणीने मरते. काठ आणि वरचा भाग जिथे जुळतो तो जोड दोन्ही हातांनी धरून ताणा. टाके उघडून प्रकाश दिसला तर ठेवून द्या. आतून शिवणीवर पट्टी मारलेली असेल तर उत्तम.

मग काठ मुडपून सोडा. तो सावकाश पूर्ववत व्हायला हवा. कडकपणा शिलाईच्या रांगांमुळे आणि आतल्या जाड कापडामुळे आलेला असेल तर टोपी वर्षानुवर्षं टिकेल. मुडपताना आत काहीतरी कुरकुरलं तर तो पुठ्ठा आहे, पहिल्याच पावसात त्याचा लगदा होतो. माझी पहिली ट्रेकची टोपी अशीच गेली. राजगडावर चढताना पाऊस लागला आणि बालेकिल्ल्यापर्यंत काठ दोन्ही कानांवर लोंबत होता.

घामपट्टी शिवलेली हवी, चिकटवलेली नको. घामातलं मीठ गोंद खाऊन टाकतं. छिद्रांच्या कड्या पितळी हव्यात, लोखंडी कड्यांचा गंज किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत दोन महिन्यांत कापडावर उतरतो. शेवटी ओला पांढरा रुमाल टोपीच्या आतून घासा, रंग लागला तर तोच रंग तुमच्या कपाळावर येणार आहे.

काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत टोप्या मिळतात. या परीक्षांना उतरणारी टोपी स्वस्तातही सापडते आणि न उतरणारी महागातही.

पाठीवरची सॅक काठाला सारखी लागते. काय करू?

मोठ्या सॅकचं वरचं झाकण डोक्यामागे येतं आणि मान वर केली की काठ ढकलून टोपी डोळ्यांवर आणतं. मागचा काठ मऊ असेल तर तो वर मुडपा. नाहीतर झाकणातलं सामान कमी करून सॅक खाली बसवा. टोपी घ्यायला जाताना सॅक पाठीवर टाकून गेलात तर हा त्रास दुकानातच कळतो.

रंग कोणता?

काठाची खालची बाजू गडद हवी, म्हणजे खालून आलेली तिरीप डोळ्यांत परतत नाही. वरून फिका रंग कमी तापतो, गडद रंग अतिनील किरण जास्त अडवतो, घट्ट विणीत हा फरक नगण्य होतो. पक्षी बघणाऱ्यांनी मातकट घ्यावा. एकट्याने भटकणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी भडक नारंगी किंवा लाल, शोधायची वेळ आली तर दुरून दिसतो. गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात, मधमाश्या काळ्या रंगावर आणि उग्र वासावर जास्त चवताळतात, म्हणून काळी टोपी आणि अत्तर दोन्ही टाळा.

पंचा बांधला तर टोपी कशाला हवी?

पंचा ही फार गुणी वस्तू आहे. कान, मान झाकतो, घाम टिपतो, भिजवता येतो, जखम बांधायलाही येतो. शेतात पिढ्यान् पिढ्या तो पुरला. त्याला काठ नाही एवढंच, त्यामुळे डोळे आणि नाक उघडे. उन्हाळ्यात ओला पंचा मानेवरून सोडून वर टोपी घालावी, यापेक्षा चांगली जोडी मला सापडलेली नाही.

परदेशातून टोपी मागवावी का?

नातेवाईक येणार असतील आणि हौस असेल तर जरूर. कॅनडाची टिली ही कंपनी १९८० मध्ये सुरू झाली, ती अॅलेक्स टिली यांना शिडाच्या होडीत घालायला टिकाऊ, पाण्यावर तरंगणारी टोपी हवी होती म्हणून. त्यांची जाड सुती टोपी आपल्या कोरड्या ऋतूंना चांगली मानवते. ऑस्ट्रेलियाची अकुब्रा सशाच्या लवेच्या फेल्टसाठी प्रसिद्ध आहे. ती तिथल्या कोरड्या हवेची टोपी आहे. सिडनी-मेलबर्नच्या मराठी मंडळींनी तिथेच वापरावी, कोकणात पाठवू नये.

हिमालयात तीच टोपी चालेल का?

दिवसा चालेल, आणि हवीच. दर १००० मीटर उंचीला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही येतं. त्यापुढे काठ हतबल आहे. चांगला गॉगल आणि नाकपुड्यांच्या खाली, हनुवटीखालीसुद्धा सनस्क्रीन लागतं. सूर्य मावळला की काठाची टोपी सॅकमध्ये आणि लोकरी कानटोपी डोक्यावर.

दोरावरच्या चढाईत टोपी घालावी का?

नाही. तिथे हेल्मेट. हेल्मेटखाली जाड टोपी घातली तर ते नीट बसत नाही.

लहान मुलं टोपी फेकून देतात.

बहुतेकदा ती मोठी असते, डोळ्यांवर येते किंवा दोरी गळ्याला टोचते. मापाची, मऊ, निवडताना त्यांना विचारून घेतलेली टोपी टिकते. ऑस्ट्रेलियात अनेक शाळांत टोपी नसेल तर मैदानावर खेळायला मिळत नाही, त्यामुळे तिथली मुलं टोपी दप्तराइतकी सहज उचलतात. आणि आई-बाबांच्या डोक्यावर टोपी नसेल तर मुलांना सांगून काही उपयोग नाही.

धुवायची कशी? पावसाळ्यात वास येतो.

सौम्य साबण, हात, मऊ ब्रश. घामपट्टी आधी घासा, मीठ तिथेच साचतं. पिळू नका. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि डोक्याच्या मापाचं पातेलं उपडं ठेवून त्यावर वाळवा, आकार राहतो. मेणाची टोपी साबणाला लावायची नाही, गार पाण्याचं ओलं फडकं पुरे.

ट्रेकहून आल्यावर ओली टोपी सॅकमध्ये राहिली की दोन दिवसांत काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. रात्री कितीही उशीर झाला तरी ती बाहेर काढून पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यानंतर एकदा कडक उन्हात आतून उलटी करून वाळवावी.

काठ लोंबतोय, शिवण उसवली आहे. टाकून द्यायची का?

शिवण कुठलाही शिंपी घालून देतो, फक्त जाड सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा वापरायला सांगा, सुती दोरा घामाने कुजतो. लोंबलेल्या काठावर कडेपासून आतपर्यंत अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर गोल शिलाया मारून घेतल्या की तो पुन्हा उभा राहतो. घामपट्टी बदलता येते. दोरी आणि बटण बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतं. वरचं कापडच उजेडात पारदर्शक दिसायला लागलं तर मात्र ती टोपी ट्रेकला नेऊ नका. बागेत झाडांना पाणी घालताना घालायला ठेवा.